कळ थांबली म्हणजे आजार गेला का? चंगाई सभा, अन्य भाषा आणि पारख; समजून घ्या सविस्तर

मंचावर एक जण काठी टाकून चालायला लागतो. समोरची गर्दी ‘हालेलुया’ म्हणते, संगीत चढते आणि खाली पट्टी फिरते: प्रार्थनेसाठी या क्रमांकावर फोन करा. असा एखादा व्हिडिओ तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल. तुमसर तालुक्यात आंबागड किल्ल्याखालच्या गावातला माणूस आणि मुंबईतला माणूस हा व्हिडिओ एकाच वेळी पाहतात. फरक त्यानंतर सुरू होतो. मुंबईकराला तज्ज्ञ डॉक्टर रिक्षाच्या अंतरावर सापडतो. आंबागडकडच्या माणसाला त्यासाठी भंडारा, नाहीतर नागपूर गाठावे लागते. दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे वेगळे. व्हिडिओ मात्र फुकट असतो.

म्हणून ‘हे खरे की ढोंग’ हा वाद आपल्याकडे केवळ धर्मशास्त्राचा राहत नाही. त्यावर कुणाची तरी गोळी चालू राहणार की बंद होणार, हे ठरते. या वादात दोन बाजू ठरलेल्या असतात. एक म्हणते, सगळेच थोतांड. दुसरी म्हणते, देवाच्या माणसाला प्रश्न विचारू नका. या दोन्हींच्या मधली वाट महाराष्ट्रात 120 वर्षांपूर्वी एका बाईने चालून दाखवली होती. तिच्याकडे येऊच, आधी वाद काय आहे ते पाहू.

कॅरिस्मॅटिक म्हणजे नेमके कोण?

‘कॅरिस्मा’ हा ग्रीक शब्द. मराठी ख्रिस्ती मंडळींत त्याला ‘कृपादान’ म्हणतात. पवित्र आत्मा आजही माणसांना दाने देतो, म्हणजे अन्य भाषेत बोलणे, भविष्यवाणी करणे, आजाऱ्यांना बरे करणे या गोष्टी फक्त येशूच्या शिष्यांच्या काळापुरत्या नव्हत्या, असे मानणारा हा प्रवाह आहे. पेंटेकॉस्टल चर्च याच विचारातून उभी राहिली. 1960च्या दशकापासून जुन्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये आणि कॅथलिकांमध्येही तो शिरला. त्याला कॅरिस्मॅटिक चळवळ म्हटले जाते.

या उपासनेत सगळे जण एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात, टाळ्या वाजतात, कुणी रडते, कुणी जमिनीवर पडते. बाहेरून पाहणाऱ्याला ते विचित्र वाटू शकते. पण कीर्तनात डोळे मिटून नाचणारा वारकरी किंवा अंगात आलेल्या बाईपुढे हात जोडणारे गाव ज्याने पाहिले आहे, त्याला निव्वळ आवाजाचे नवल वाटू नये. वादाची खरी जागा वेगळी आहे: औषध बंद करायला सांगणे, भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण, ‘बीज पेरा, शंभरपट मिळेल’ म्हणून पैसे मागणे आणि ‘मला देवाने सांगितले’ असे म्हणून लोकांची लग्ने, नोकऱ्या, व्यवहार ठरवणे.

केडगावात 1905 साली काय घडले?

पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन पुणे जिल्ह्यात दौंडजवळ केडगावला आहे. 1896-97च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून उपाशी, निराधार मुली-विधवांना घेऊन आल्या. आपला भंडारा जिल्हा तेव्हा त्याच मध्य प्रांतात होता. पुढे गुजरातच्या दुष्काळातल्या मुलीही आल्या आणि मुक्तीचा पसारा दोन हजारांच्या घरात गेला. शाळा, शेती, विणकाम, छापखाना हे सगळे तिथल्या मुली चालवत.

जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी मुलींना बोलावले. सुरुवातीला सत्तरेक जणी आल्या. जूनपर्यंत हा आकडा पाचशेच्या वर गेला. 29 जूनच्या रात्री एका मुलीला आपल्या अंगाला आग लागल्यासारखे वाटले. दुसरीने तिच्यावर ज्वाळा पाहिल्याचे सांगितले आणि ती विझवायला पाण्याची बादली आणायला धावली, अशी त्या वेळची नोंद आहे. दुसऱ्या दिवशी रमाबाई बायबलचा पाठ घेत असताना सगळ्या मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. पाठ थांबवावा लागला. पुढच्या काळात काही मुली कधी न शिकलेल्या भाषांत बोलू लागल्याचेही नोंदले गेले.

पेंटेकॉस्टल चळवळीची सुरुवात म्हणून जगभर लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटचे नाव घेतले जाते. तिथली जागृती एप्रिल 1906ची. केडगावची त्याच्या नऊ-दहा महिने आधीची. मुक्तीतल्या अमेरिकी सहकारी मिनी अब्रॅम्स यांनी या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली. ती त्यांनी चिलीतल्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवली आणि 1909 मध्ये तिथे पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहण्यामागे त्या पुस्तिकेचा मोठा वाटा होता. एका मराठी खेड्यातली ठिणगी दक्षिण अमेरिकेपर्यंत गेली.

रमाबाईंनी पारख कशी केली?

टीका तेव्हाही झाली. हा गोंगाट आहे, मुलींना उन्माद झाला आहे, उपासना शिस्तीत हवी, असे काही मिशनऱ्यांचेच म्हणणे होते. रमाबाईंनी ‘मुक्ती प्रेयर बेल’ या आपल्या पत्रिकेतून उत्तर दिले. त्याचा आशय असा: भारतीय माणसाने युरोपीय माणसासारखे गप्प बसूनच प्रार्थना केली पाहिजे, हा नियम कुणी केला? इथल्या लोकांचा स्वभाव देवानेच घडवला आहे, तर जागृती त्या स्वभावाला धरून येऊ द्या.

हे अर्धे उत्तर झाले. दुसरा अर्धा भाग सहसा सांगितला जात नाही. अन्य भाषेत बोलला नाही त्याला पवित्र आत्मा मिळालाच नाही, असे त्या काळी अनेक जण ठासून सांगू लागले होते. रमाबाईंनी ते मान्य केले नाही. अन्य भाषा हे एक चिन्ह असेल, पण तेच एकमेव आणि आवश्यक चिन्ह मानायला बायबलमध्ये आधार नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. माणसात प्रेम वाढले का, जगणे बदलले का, ही त्यांची कसोटी होती.

हा बाणा त्यांच्यात अचानक आला नव्हता. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या धर्मगुरूंशी आणि मठातल्या भगिनींशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. ‘चर्च सांगते म्हणून माना’ हे त्यांनी तिथेही ऐकले नाही. स्वतः वाचीन, पटले तर मानीन, असा त्यांचा हट्ट होता. पुढे त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, तेही याच हट्टापोटी.

केडगावच्या प्रकरणातून एक फरक नीट लक्षात घेण्यासारखा आहे. त्या रात्री त्या मुलीला आत काय जाणवले, हे आज कुणीच तपासू शकत नाही. तो तिचा अनुभव. पण ‘अमुक घडले नाही तर तू देवाची नाहीस’ हा दावा आहे. अनुभवाचा आदर करता येतो. दावा मात्र तपासावाच लागतो. रमाबाईंनी नेमके हेच केले.

बायबल पारखीबद्दल काय म्हणते?

‘प्रश्न विचारणे म्हणजे आत्म्याचा विरोध’ असे काही प्रचारक सांगतात. त्यांच्याच धर्मग्रंथात मात्र उलट लिहिलेले आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 12व्या अध्यायात पौलाने कृपादानांची यादी दिली आहे. त्यात आत्म्यांची पारख हेही एक कृपादान आहे. म्हणजे चमत्काराचे दान मानायचे आणि पारखीचे नाकारायचे, हे त्या यादीलाच धरून नाही.

त्याच पत्राच्या 14व्या अध्यायात शिस्तही आहे. अन्य भाषेत दोघांनी किंवा फार तर तिघांनी, पाळीपाळीने बोलावे. अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहावे. संदेश देणारा बोलला की बाकीच्यांनी तो तोलून पाहावा. अनुवादाच्या 18व्या अध्यायात तर सरळ परीक्षा आहे: परमेश्वराच्या नावाने सांगितलेले घडले नाही, तर ते परमेश्वराचे नव्हते. निवडणुकीच्या किंवा महामारीच्या चुकलेल्या भविष्यवाण्या गुपचूप यूट्यूबवरून काढून टाकणाऱ्यांना ही ओळ अडचणीची वाटत असणार.

कॅथलिक चर्चने नियम केले आहेत का?

हो. 14 सप्टेंबर 2000 रोजी व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्त विभागाने आरोग्यप्राप्तीच्या प्रार्थनांबाबत सूचना काढल्या. कार्डिनल रात्सिंगर, म्हणजे नंतरचे पोप बेनेडिक्ट सोळावे, तेव्हा या विभागाचे प्रमुख होते. अशा प्रार्थनांत उन्माद, नाटकीपणा आणि सनसनाटी नको. चर्चच्या औपचारिक उपासनेतील आरोग्यविधींना बिशपची परवानगी हवी. भूत काढण्याचे विधी त्यात मिसळू नयेत. कुणी बरे झाल्याचे सांगितले तर साक्ष नंतर, प्रामाणिकपणे नोंदवून चर्चच्या अधिकाऱ्यांकडे द्यावी, असे त्यात आहे.

फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्राचे उदाहरण बोलके आहे. 1858 पासून तिथे बरे झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे नोंदले गेले. डॉक्टरांची तपासणी, जुने वैद्यकीय कागद, काही वर्षांची वाट, एवढे सगळे पार करून चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेले दावे सत्तरच्या आसपास आहेत. चमत्कारांवर विश्वास ठेवणारी संस्थाच शंभरातल्या जवळपास 99 दाव्यांवर शिक्का मारत नाही. आपल्याकडे तंबूत दुपारी घडलेल्या चमत्काराचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत गावभर फिरलेला असतो.

स्वतंत्र मंडळ्यांची अडचण इथेच आहे. त्यांच्या वर बिशप नाही, परिषद नाही. पाळकच संस्थापक, तोच हिशेब ठेवणारा आणि तोच ‘देवाचा आवाज’ असेल, तर त्याला अडवणार कोण?

कळ थांबणे आणि आजार जाणे, यात फरक काय?

हा भाग पूर्व विदर्भाच्या वाचकांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेल मोठ्या प्रमाणात आढळतो. हा आजार आईवडील दोघांकडून येतो. लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, सांध्यांत असह्य कळा येतात. ही कळ काही तास ते काही दिवस राहते आणि ओसरते. पाणी कमी पडले, थंडी लागली, ताप आला की पुन्हा उठते.

आता समजा, कळ असह्य झाली म्हणून रुग्णाला सभेत नेले. तिसऱ्या दिवशी कळ थांबली. घरच्यांनी साक्ष दिली: प्रार्थनेने सिकलसेल गेला. त्यात कुणी खोटे बोललेले नाही. कळ खरोखर थांबली आहे. पण आजार रक्तात तसाच आहे. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी त्या भरात बंद झाली, तर पुढची कळ अधिक जोराची येऊ शकते. आजार गेला का, हे ठरवायचा मार्ग सोपा आहे: रक्ताची तपासणी पुन्हा करा.

टीबीचेही तसेच. उपचार साधारण सहा महिन्यांचे असतात, पण काही आठवड्यांतच खोकला, ताप कमी होतो. तेवढ्यावर ‘बरा झालो’ म्हणून गोळ्या सोडल्या, तर औषधाला दाद न देणारा टीबी होण्याचा धोका असतो आणि घरातल्या लहान मुलांनाही तो लागू शकतो. मिरगीची गोळी एकाएकी बंद केली, तर झटके थांबत नाहीत अशी जीवघेणी अवस्था येऊ शकते. त्याच झटक्यांना मग ‘सैतान’ म्हटले जाते.

शिवाय साक्षींचे गणित पाहा. समजा, सभेला 200 आजारी आले. त्यातल्या 60 जणांचे दुखणे त्या आठवड्यात आपसूक कमी होणारच होते. त्यातले 10 जण मंचावर आले. व्हिडिओत आपल्याला हे 10 दिसतात. बरे न झालेले 140 जण कधीच दिसत नाहीत. कारण त्यांच्या हाती माइक दिला जात नाही. उलट ‘तुझाच विश्वास कमी पडला’ हे ओझे त्यांच्या डोक्यावर ठेवून त्यांना घरी पाठवले जाते.

कायदा काय सांगतो?

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत 12 प्रकार आहेत. भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधणे, मारणे, चटके देणे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे आणि लोकांना फसवणे. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणे हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.

हाच कायदा एक गोष्ट स्पष्टपणे वगळतो. घर, मंदिर, दर्गा, गुरुद्वारा, पॅगोडा, चर्च अशा ठिकाणी होणारी प्रार्थना आणि उपासना, ज्यातून कुणाला शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान होत नाही, ती या कायद्याच्या कक्षेत येत नाही. म्हणजे मोठ्याने प्रार्थना करणे, डोक्यावर हात ठेवणे, अन्य भाषेत बोलणे हे गुन्हे नाहीत. राज्यघटनेचे कलम 25 धर्म पाळण्याचा हक्क देते आणि त्याला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादाही घालते.

कायदा सगळ्या धर्मांना सारखाच आहे आणि त्याची पोचही मर्यादित आहे. जानेवारी 2023 मध्ये नागपुरात बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्रींच्या दरबारावरून श्याम मानव यांनी तक्रार केली. व्हिडिओ तपासून या कायद्याखाली गुन्हा दिसत नाही, असे पोलिसांनी सांगितले. प्रत्येक शंकास्पद दाव्यावर पोलीस धावून येतील, अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

पारख झालीच नाही तर?

2023 मध्ये केनियातल्या शाकाहोला जंगलात चारशेहून अधिक मृतदेह उकरून काढले गेले. उपाशी राहून मेलात तर येशूची भेट होईल, असे एका प्रचारकाने अनुयायांना शिकवल्याचा आरोप आहे. आपल्या देशात, पंजाबमधल्या चंगाई सभांमुळे सोशल मीडियावर प्रसिद्ध झालेला पाळक बजिंदर सिंग याला 2018च्या बलात्कार प्रकरणात मोहालीच्या न्यायालयाने 1 एप्रिल 2025 रोजी जन्मठेप सुनावली. तक्रारीपासून निकालापर्यंत सुमारे सात वर्षे गेली. त्या काळात सभा चालूच होत्या आणि व्हिडिओही पसरत होते.

ही टोकाची उदाहरणे आहेत. बहुतेक मंडळ्या अशा नसतात. अनेक पाळक आजाऱ्यासाठी प्रार्थना करतात आणि गोळी वेळेवर घ्या, असेही सांगतात. कुणी रात्री रुग्णासोबत दवाखान्यात बसते. मजुरीवर जगणाऱ्या घराला मंडळीकडून मिळणारा आधार खरा असतो आणि दारू सुटलेला नवरा हा त्या घरातल्या बाईसाठी कुठल्याही व्हिडिओपेक्षा मोठा चमत्कार असतो. म्हणूनच ‘सगळे ढोंग’ म्हणून मोकळे होणाऱ्यांचे कुणी ऐकत नाही.

मग पारख करायची कुणी?

आमच्या मते, पहिली जबाबदारी मंडळीची आहे. बाहेरून टीका झाली की ती लगेच धर्मांतराच्या राजकारणात ओढली जाते. मग आतले लोक बचावाला उभे राहतात आणि औषध सोडलेला रुग्ण दोन्ही बाजूंच्या भांडणात विसरला जातो. आतल्यांनी विचारलेला प्रश्न मात्र असा उडवून लावता येत नाही. ज्या परंपरेत पारख हे कृपादान आहे आणि जिच्या मराठी इतिहासात रमाबाई आहेत, त्या परंपरेला प्रश्न विचारणे परके नाही.

प्रशासनाचे काम वेगळे आहे. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान जुलै 2023 पासून सुरू आहे. तपासणी आणि औषधे गावापर्यंत नियमित पोचली, तर चमत्काराच्या बाजारातले अर्धे गिऱ्हाईक तिथेच कमी होईल. गावचा पाळक, देवर्षी, आशा कार्यकर्ती हे सगळे एकाच रुग्णाच्या घरी जातात. त्यांना एकत्र बसवून ‘गोळी बंद करायला कुणीही सांगायचे नाही’ एवढे ठरवून घेतले, तरी पुष्कळ झाले.

आणि वाचक म्हणून, पुढचा व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी किंवा सभेला निघण्याआधी पाच प्रश्न विचारा. हे प्रश्न पाळकाला लागू आहेत, तसेच बाबा, बुवा आणि मांत्रिकालाही.

1. औषध किंवा तपासणी बंद करायला सांगितले जाते का?
2. प्रार्थनेआधी किंवा नंतर पैसे मागितले जातात का, आणि त्या पैशांचा हिशेब मंडळीपुढे येतो का?
3. आजाऱ्याला बांधले, मारले, उपाशी ठेवले जाते का?
4. चुकलेल्या भविष्यवाणीबद्दल विचारले तर उत्तर मिळते, की शाप?
5. बरे झाल्याचा आधीचा आणि नंतरचा वैद्यकीय रिपोर्ट कुणी पाहिला आहे का?

पहिल्या किंवा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर तिथे थांबू नका. रुग्णाला जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. मारहाण झाली असेल तर पोलीस ठाणे गाठा. प्रार्थना घरी येऊनही करता येते. तिला कुणाची हरकत नाही, गोळी मात्र वेळेवर घ्या.